विद्यार्थ्यांची बैठक

पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें आणि गुरुगृहींची गायनविद्या शाळेंत आणिली. पुणें विद्यापीठांत १९८७ मध्यें ललित कला केंद्र निघालें. आतां गाण्याची पदवी मिळते. परंतु विद्यार्थ्याचें गाणें ऐकावयास कोणीं बसावें, हा प्रश्न आमच्या शिकलेल्या कुटुंबांतून क्वचितच निघतो.

लहान बैठकीचें महत्त्व मोठें आहे. शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानें रचिलेल्या 'संगीतरत्नाकरां'त वृंदाचे सहा गुण सांगितले आहेत. मुख्याचें अनुसरण, परस्परांत मिळून जाणें, आणि एकाचें तुटलें तर दुसऱ्यानें सांवरून घेणें, हे त्यांतलेच. पश्चिमेकडे दोन व्हायोलिन, व्हायोला व सेलो अशा चौघांच्या वादनांतही हेंच शिकावें लागतें, कारण तेथें ताल देणारा नायक नसतो. हे गुण एकट्याच्या रियाजानें येत नाहींत व गुणपत्रिकेंत दिसत नाहींत. ते श्रोत्यांसमोरच कसाला लागतात.

वळसंगासारख्या गांवांतूनही मुलेंमुली सोलापुरास शिकावयास जातात. त्यांत एखादी गाणारी असते. पदवी झाली, लग्न झालें, कीं तिचा तंबोरा गवसणींत जातो तो बहुधा कायमचा. दोष तिच्या गळ्याचा नव्हे. घरांत ऐकणारें कोणी नसतें, त्याचा.

तरी घरांतील कर्त्यांनीं महिन्यांतून एक सायंकाळ माजघर मोकळें करावें. सतरंजी अंथरावी, ध्वनिवर्धक आणूं नये, वडीलधाऱ्यांनीं पुढें बसावें. सून गाणार असेल तर त्या दिवशींचा स्वयंपाक इतरांनीं करावा.