मायच्या छातीतला धूर कोण मोजणार?

माझी माय दम्याची. दवाखान्यातून पंप मिळाला. एका दाबाला सालब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅम, डब्यावरच छापलंय. म्हणजे ग्रॅमचा दहा हजारावा भाग. एवढं बारीक मोजून औषध तिच्या छातीत जातं. आणि घरी? सिलिंडर संपला की चूल. दहा बाय दहाची खोली, खिडकी नाही. वखारीतल्या ढलप्या, फुंकणी, खोकला. त्या धुराचे मायक्रोग्रॅम कुठल्या डब्यावर छापलेत?

माप नाही असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली सांगितलं, घनमीटरभर हवेत पीएम २.५ हे बारीक कण दिवसाच्या सरासरीनं १५ मायक्रोग्रॅमच्या वर नकोत. घरातही, बाहेरही. आपल्या सरकारचं २००९ चं माप ६०. तेही बाहेरच्या हवेचं. मायची खोली त्यांच्या हवेत मोडतच नाही. त्याच संघटनेच्या अंदाजानं २०२० साली घरातल्या धुरानं जगात ३२ लाख माणसं मेली.

डॉक्टर म्हणाला, 'धुरात बसू नका.' अरे, मग भाकरी काय चांदण्यात भाजायची?

दोस्तांनो, जे मोजलं जात नाही ते हिशोबात धरलं जात नाही. औषध मोजून देता, तर विषही मोजा. वस्तीतल्या खोल्यांत यंत्रं लावा, आकडा भिंतीवर लिहा आणि सिलिंडर परवडेल अशा दरात द्या. नुसत्या आकड्यानं मायचा खोकला थांबणार नाही, ठाऊक आहे. पण आकडा हातात नसला की आमचं ओरडणंही त्यांना नुसता खोकलाच वाटतं.