आठ कोऱ्या ओळी

उस्मानाबादचं धाराशिव झाल्यावर सरकारी तक्त्यांत जुनं नाव कुठे कुठे चिकटून राहील, यावर इथे लिहिलं होतं. या आठवड्यात त्याचा दाखला मिळाला आणि चीडही आली. नाव बदलण्यासाठी एका कार्यालयात पोस्टग्रेसमध्ये ‘व्हॉइड’ फंक्शन लिहिलं होतं, म्हणजे काम करून काहीच परत न देणारं. तालुक्यांच्या तक्त्यावर ‘सिलेक्ट’ लावून ते चालवलं. तालुके आठ, उत्तरात ओळीही आठ, सगळ्या कोऱ्या. ‘झालं काम’ म्हणून फाइल बंद केली. भूमच्या नोंदींत मात्र जुन्या नावापुढे एक मोकळी जागा टाइप झालेली. तिथे एकही नोंद बदलली नव्हती, आणि भूमची ओळ तुळजापूरच्या ओळीइतकीच कोरी होती.

फंक्शन व्हॉइड असलं तरी सिलेक्ट दर ओळीला एक ओळ देतंच. ती ओळ एवढंच सांगते की फंक्शनला हाक मारली आणि ते एरर न देता परतलं. नोंदी किती बदलल्या, याचा त्यात मागमूस नसतो.

त्या कोऱ्या जागेत असतं तरी काय? हेच फंक्शन पीएल/पीजीएसक्यूएलमध्ये लिहा आणि उत्तर ‘इज नल’ आहे का विचारा. पोस्टग्रेस ‘नाही’ म्हणतं. तेच अपडेट साध्या एसक्यूएल भाषेतल्या फंक्शनमध्ये टाका, तोच प्रश्न विचारा, आता ‘हो’. पडद्यावर दोन्ही सारखेच कोरे. पुढच्या क्वेरीत कुणी ‘नल नसेल तर काम झालं’ अशी अट घातली, तर निकाल फंक्शनच्या भाषेवर ठरतो, कामावर नाही. माझ्या मते ही यातली सगळ्यात धोकादायक गोष्ट. ओरॅकल इथे कडक आहे: प्रोसिजर सिलेक्टमध्ये बसतच नाही, आणि सिलेक्टमधून बोलावलेलं फंक्शन तक्ता बदलायला गेलं की सहसा एरर येते. तो कडकपणा मला पटतो.

मी पुन्हा पुन्हा सांगतो तेच सांगतो: तक्ता बदलणाऱ्या फंक्शनने आकडा परत द्यावा. ‘रिटर्न्स व्हॉइड’च्या जागी ‘इंटिजर’, आत ‘गेट डायग्नोस्टिक्स’ने रो काउंट घ्यायचा, की भूमसमोर शून्य उभं राहतं. २०१८च्या अकराव्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्येही ‘कॉल’ने चालणारी प्रोसिजर आहे, ती सिलेक्टमध्ये घुसवता येत नाही, हे चांगलंच. पण तिच्याकडूनही आकडा हवा असेल तर आउट किंवा इनआउट पॅरामीटर ठेवूनच तो मागून घ्यावा लागतो.