भोंगा नसलेली नोकरी

सोलापूरच्या कष्टकरी घरांत एके काळी मनगटावर घड्याळ नव्हते, पण वेळ मात्र सर्वांना ठाऊक असे. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी, तिच्यामागून आलेल्या लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या, आणि त्यांचे भोंगे. भोंगा झाला की माणूस डबा घेऊन घराबाहेर पडे, भोंगा झाला की सुटे. गिरणीतला जाच काही थोडा नव्हता. परंतु एकदा पाळी सुटली की साचा पाठीवर घेऊन कोणी घरी येत नव्हते. पुढे एकेक करून या गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्याबरोबर भोंगेही गेले.

आज त्याच घरांतली तिसरी पिढी संगणकाच्या नोकरीत गेली आहे. कोणी पुण्याला हिंजवडीत आहे, कोणी हैदराबादला, कोणी बंगळूरला. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा यांतली पुष्कळ मुले लॅपटॉप घेऊन गावी आली आणि घरूनच काम करू लागली. पुढे कचेऱ्या उघडल्या, बरीच मुले परत गेली. पण घरून काम करण्याची रीत पुरती गेली नाही. जे रोज कचेरीत जातात त्यांच्याही खिशातल्या फोनमधून कचेरी घरी येतेच. ही नोकरी सकाळी केव्हा सुरू झाली ते सांगता येते; रात्री केव्हा संपली ते सांगता येत नाही. या नोकरीला भोंगा नाही. म्हणून या वेळी आपण वेळेचाच विचार करू.

हे तास कोणी दिले?

कामाला सुरुवात असते तसा शेवटही असला पाहिजे, ही गोष्ट मालकांनी आपण होऊन मान्य केलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि कामगारांना आठवड्याची सुटी मिळावी म्हणून झगडा केला. तेव्हा कुठे १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषाचा दिवस बारा तासांचा ठरवला. १९२२ मध्ये आठवड्याचे ६० तास झाले, १९३४ मध्ये ५४ तास. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या खात्याने आणलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने हे तास ४८ वर आले.

म्हणजे ६० वरून ४८ वर यायला चोवीस वर्षे लागली. आज आपला मुलगा सकाळी नऊला लॅपटॉप उघडतो आणि रात्री अकराला, जेवता जेवता, ‘एवढा एकच मेसेज’ म्हणून उत्तर देतो, तेव्हा ते मिळवलेले तास तो कोणाला न सांगता परत करीत असतो. कोणी हिसकावून घेतले असते तर भांडता तरी आले असते.

परदेशात यावर विचार सुरू झाला आहे. फ्रान्सने २०१७ पासून पन्नास किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांना, कामाच्या वेळेनंतर फोन आणि ई-मेल बंद ठेवण्याच्या हक्कावर कामगारांशी बोलणी करणे भाग पाडले. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून वेळेबाहेरच्या गैरवाजवी संपर्काला उत्तर न देण्याचा हक्क मिळाला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी अशा हक्काचे खासगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडले आणि २०२५ च्या डिसेंबरात पुन्हा मांडले. परंतु खासगी विधेयकाचा कायदा क्वचितच होतो. तोवर आपला भोंगा आपल्यालाच वाजवावा लागणार.

बिडीच्या सुपाकडे पाहा

घरात बसून करायचे काम सोलापूरला नवे नाही. ज्या घरात आज लॅपटॉप आहे, त्याच्या शेजारच्या घरात कदाचित आजही सूप आहे. बिडी वळणारी बाई वर्षानुवर्षे घरूनच काम करते आहे. तिलाही भोंगा नाही. तिची मजुरी हजार बिड्यांवर ठरते. हजार पुरी होतील तेव्हा दिवस संपतो. मूल रडले, पाणी आले, पाहुणा आला तरी सूप मांडीवरच असते. घरून काम करण्यातला धोका कोणता, हे तिच्या पाठीला आणि मानेला विचारावे.

पण कामाची शिस्तही तिच्याकडूनच शिकण्यासारखी आहे. ती पाने आदल्या रात्री भिजवून ठेवते. दुसऱ्या दिवशी आधी सगळी पाने कापून घेते. मग तंबाखू भरून वळत जाते. शेवटी पंचवीस-पंचवीसचे बंडल बांधते. एक पान कापले, एक बिडी वळली, उठून दुसरे पान भिजवले, असे ती कधी करत नाही. तसे केले तर दिवसभरात दोनशेही होणार नाहीत. एका जातीचे काम एका बैठकीत, हे तिचे गणित आहे.

आपली शिकलेली मुले नेमकी याच्या उलट करतात. चार ओळींचे काम केले की फोन वाजतो. तो पाहतात, परत कामाकडे येतात, कुठवर आलो होतो ते शोधतात, तोवर दुसरा मेसेज. संध्याकाळी अंग मोडून येते आणि हाती काम थोडेच लागते. मग तेच काम रात्री करावे लागते. हा आळस नव्हे. काम तुकड्यातुकड्यांत गेले, हे त्याचे कारण आहे.

म्हणून संगणकावर काम करणाऱ्या आमच्या तरुण बंधू-भगिनींना काही साध्या गोष्टी सुचवतो.

पाने रात्री भिजवा. उद्याची मुख्य तीन कामे आजच कागदावर लिहून ठेवा. सकाळी ताजे डोके ‘काय करू’ यात खर्चू नये.

अवघड काम आधी, सलग दीड-दोन तास, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून करा. मेसेज आणि ई-मेल पाहण्याच्या दिवसातून तीन-चार वेळा ठरवा. सोबत काम करणाऱ्यांना सांगून ठेवा, ‘अगदीच तातडीचे असेल तर फोन करा.’ खरोखर तातडीचे किती थोडे असते, हे आठ दिवसांत कळेल.

व्हॉट्सअॅपवरचा प्रत्येक ग्रुप आवाज करीत राहिलाच पाहिजे असे नाही. तो आठ तास, आठवडाभर किंवा कायमचा मुका करण्याची सोय त्यातच आहे. ग्रुप सोडावा लागत नाही, कोणाला राग येत नाही.

डोळ्यांसाठी वीसचा नियम पाळा. दर वीस मिनिटांनी, वीस फुटांवर, वीस सेकंद पाहायचे. दोन खोल्यांच्या घरात वीस फूट कुठून आणणार? तर उठून दारात या आणि बोळाच्या टोकाचे झाड पाहा. तेवढाच पाठीलाही आराम.

आणि एक वही करा. किती वाजता बसलो, किती वाजता उठलो, जादा तास किती, एवढेच तीन रकाने. गिरणीत हजेरी मालक ठेवी. ही आपली हजेरी आपण ठेवायची. महिनाभराने ती वही घेऊन साहेबाशी बोलता येते. ‘फार काम पडते’ या बोलण्याला वजन नसते. ‘या महिन्यात चाळीस तास जादा झाले, बदली सुटी कधी घेऊ?’ या बोलण्याला असते. तेही तोंडी नको, ई-मेलने लिहून विचारा.

घरच्यांनी काय करावे?

आता दोन शब्द आई-वडिलांना आणि सासू-सासऱ्यांना. ‘दिवसभर बसूनच तर असतो’ हे वाक्य आधी सोडा. बसून केलेले कामही काम असते, हे बिडी वळणाऱ्या घराला तरी वेगळे सांगायला नको.

अमेरिकेच्या कंपनीचे काम असेल तर पाळी उलटी असते. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि उन्हाळ्यात साडेसहा झालेले असतात. रात्री दोन-तीनपर्यंत जागलेल्या मुलाला सकाळी सातला ‘ऊठ, पाणी भर’ म्हणून हाक मारू नका. सोलापूरचा उन्हाळा आणि वर पत्र्याचे छत, अशा घरात दिवसा झोप लागणे महाकठीण. खिडकीला जाड चादर लावा, पत्र्यावर पाणी मारा, टीव्हीचा आवाज कमी ठेवा. आपल्याकडे चादरींना तोटा नाही.

घरून काम करणाऱ्या सुनेची गोष्ट आणखी निराळी आहे. मुलगा लॅपटॉपवर बसला की घर चिडीचूप होते. सून बसली की तिला मधेच भाकरी टाकायला उठवतात. तिच्या नोकरीलाही तेवढेच तास असतात आणि पगारही त्याच घरात येतो. तिच्या मीटिंगच्या वेळी मुलाला कोण सांभाळणार, संध्याकाळचा स्वयंपाक कोण करणार, हे आधीच ठरवा. सासऱ्यांनी कुकर लावला तर काही बिघडत नाही.

आणि संध्याकाळचा भोंगा सर्वांनी मिळून वाजवा. ठरलेल्या वेळी लॅपटॉप मिटायचा, पिशवीत घालायचा, पिशवी खुंटीला टांगायची. जेवताना कोणाच्याच हातात फोन नाही. मुलाच्या नाही, तसा आजोबांच्याही नाही. मोठ्यांनी ताटावर व्हिडिओ पाहायचे आणि लहानांना दटावायचे, असा नियम टिकत नाही.

ज्या मुलांना मीटिंगमध्ये मागची भिंत दिसते म्हणून संकोच वाटतो, त्यांनाही एक सांगतो. कॅमेऱ्यात मागचे चित्र झाकण्याची सोय असते, ती सोय म्हणून जरूर वापरावी. पण ज्या खोलीत राहून आपण या नोकरीपर्यंत आलो, त्या खोलीची लाज वाटायचे कारण नाही.

वस्तीचा संगणक

बुधवार पेठेत काय किंवा मिलिंदनगरात काय, संगणकाच्या नोकरीतला मुलगा सुटीवर आला की सगळी वस्ती त्याची वाट पाहत असते. कोणाचा महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, कोणाचा जातीचा दाखला, कोणाचे आधार, कोणाचा पासवर्ड विसरलेला. ‘जरा तुझ्या लॅपटॉपवर करून दे रे.’ नाही म्हणावे तर ‘शिकला आणि आम्हाला विसरला’ असे बोल. होय म्हणावे तर सुटी संपते आणि आईशी बोलायचे राहून जाते.

यात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कंपनीचा लॅपटॉप हा कंपनीचा असतो. त्याला बाहेरचा पेनड्राइव्ह लावणे, दुसऱ्याची कागदपत्रे त्यावर ठेवणे यावरून नोकरीवर गदा येऊ शकते. त्याने नाही म्हटले तर तो माजला असे समजू नका. आणि आपला ओटीपी किंवा पासवर्ड कोणालाही देऊन ठेवू नका, मग तो घरचा मुलगा का असेना. समोर बसून आपला आपण घाला.

पण समाजाचे काम टाळावे असे आम्ही म्हणत नाही. त्यालाही वेळ बांधून द्यावी, एवढेच सांगणे आहे. महिन्यातला एक रविवार, सकाळचे दोन तास, समाजमंदिरात किंवा कोणाच्या ओसरीवर, स्वतःच्या किंवा वस्तीच्या संगणकावर. ज्यांचे अर्ज आहेत त्यांनी कागद घेऊन तिथेच यावे. आणि दर वेळी दहावी-बारावीतली दोन मुले-मुली शेजारी बसवून घ्यावीत. वर्षभरात तीच अर्ज भरू लागतील.

शिकण्याचा तास

वाचवलेल्या वेळाचे काय करायचे, हाही प्रश्न आहेच. थोडा झोपेला द्या, थोडा घराला. त्यातून रोजचा एक तास मात्र शिकण्यासाठी बाजूला काढा.

मुंबईच्या कापड गिरण्यांत साचेखाते आपल्या माणसांना बंद होते. सूत तोंडाने ओढून धोट्यात ओवावे लागे, आणि ते उष्टे होते म्हणून इतर कामगार आपल्या माणसांना तिथे येऊ देत नसत. जास्त पगाराचे खाते तेच होते. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. आज संगणकाचे खाते तसे बंद नाही. परंतु या धंद्यात आज शिकलेले पाच वर्षांत जुने होते. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले तेव्हापासून साधी साधी कामे यंत्रच करू लागले आहे, आणि नोकरी राहील की जाईल ही धास्ती अनेक घरांत आहे. घराचा हप्ता त्याच पगारावर चाललेला असतो.

धास्तीपोटी रात्र रात्र जागून दहा गोष्टी अर्धवट शिकू नका. एका वेळी एकच विषय घ्या, तीन महिने रोज एक तास त्याला द्या, आणि शिकलेले दुसऱ्या कोणाला समजावून सांगा. शेजारच्या मुलाला समजावता आले तर आपल्याला आले असे समजावे.

हे सारे एका दिवसात जमणार नाही. या आठवड्यात फक्त दोन गोष्टी करा: वही सुरू करा, आणि लॅपटॉपच्या पिशवीसाठी भिंतीला एक खुंटी ठोका. ती कुठे ठोकायची आणि पिशवी किती वाजता टांगायची, हे घरातल्या सर्वांनी आज रात्री जेवताना ठरवावे.