आमची साखर उपासाची

मोबाईलवर कंपनी म्हणते : दंडाला सेन्सर चिकटवा, पैसे भरा, घरबसल्या डॉक्टर साखर उतरवील. वर सल्ला, भात सोडा, बदाम खा!

गोदीत ओझी वाहून मी गावी पैसे धाडतो. आरोग्य केंद्रातल्या गोळ्या संपल्या की माय त्यातूनच विकत घेते. माय हडकुळी. १९७२ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यात आजी खडी फोडत होती, तेव्हा माय तिच्या पोटात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून खेड्यांतल्या आया-लेकरांचा अभ्यास करताहेत. पोटात अर्धपोटी वाढलेलं पोर बारीक दिसतं, पण आत चरबी धरतं. पुढं मधुमेहाचा धोका वाढतो.

म्हणजे आमची साखर उपासाची. उपास ज्यांनी लादला, बिल त्यांच्या नावावर. दोस्तांनो, ॲपला भुलू नका. गावच्या केंद्रात गोळी, तपासणी बारमाही मागा. भीक म्हणून नव्हे, थकबाकी म्हणून.