एका गॅलनचा घाणा

अनारसे करताना अनुभवी बाई सगळे पीठ एकदम थापायला घेत नाही. आधी एकच अनारसा तुपात सोडते. तो हसला, म्हणजे तुपात विरघळून पसरला, तर उरलेल्या पिठाचे काय करायचे हे तिला तेवढ्यावरून कळते. अमेरिकेतील हौशी मंडळींनी घरगुती बिअरविषयी लिहिलेले आम्ही दोघे गेले काही महिने वाचत आहोत, आणि वारंवार हा अनारसा आठवतो आहे. (आम्ही केवळ वाचक आहोत. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्याशिवाय घरी बिअर करणे हा गुन्हा आहे. अमेरिकेत संघराज्याच्या पातळीवरील बंधन १९७८ च्या कायद्याने उठले. अलाबामा आणि मिसिसिपी यांनी मात्र त्यासाठी २०१३ साल उजाडू दिले.)

तिथला रूढ घाणा पाच गॅलनचा, म्हणजे सुमारे १९ लिटरचा. बिघडला तर पन्नासेक बाटल्या मोरीत ओतायच्या. त्यामुळे नवशिका छापील कृतीला चिकटून राहतो आणि बिअर बरी झाली तरी ती का बरी झाली हे त्याला सांगता येत नाही. एका गॅलनचा घाणा घालणारा निराळ्या रीतीने शिकतो. मोड आणून वाळवलेल्या जवाचा गोड काढा तो उकळतो, निववतो, दोन बरण्यांत सारखा वाटतो आणि प्रत्येकीत निरनिराळे यीस्ट घालतो. बाकी सारे तेच. किंवा हॉप्सची फुले एकदा उकळीच्या आरंभी टाकतो, एकदा शेवटच्या पाच मिनिटांत. तासभर उकळलेली फुले कडवटपणा देतात, पण त्यांचा सुवास वाफेबरोबर उडून जातो. उशिरा टाकलेली सुवास राखतात आणि कडू फारशी करत नाहीत. हे पुस्तकात असतेच. दोन पेले शेजारी ठेवून चाखले की ते जिभेचे होते. त्यातही फसगत नको म्हणून तीन पेले भरतात, दोन एकाच बिअरचे आणि एक दुसरीचा, आणि चाखणाऱ्याला वेगळा ओळखायला सांगतात. ओळखता आला नाही, तर आपण मानलेला फरक बहुधा मनातच होता.

थोडक्या नमुन्यांवरून किती खात्रीने बोलावे, हा प्रश्न बिअरच्याच कारखान्यात शास्त्रशुद्धपणे सोडवला गेला, हेही नमूद करण्याजोगे आहे. डब्लिनच्या गिनेसमध्ये नोकरीस असलेल्या विल्यम सीली गॉसेट याने १९०८ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. नोकरांनी स्वतःच्या नावे लिहू नये असा कंपनीचा दंडक असल्याने त्याने टोपणनाव घेतले : ‘स्टुडंट’. साहित्याच्या अध्यापकांना याहून समर्पक टोपणनाव कुठले सापडणार!

आता आमच्या वर्गाकडे. एम.ए.च्या विद्यार्थ्याकडून आम्ही पहिल्याच खेपेला पाच गॅलन मागतो : चाळीस पानांचा प्रबंध, त्यावर गुण, आणि पुन्हा संधी नाही. साहजिकच तो संदर्भग्रंथांच्या कृतीला चिकटतो. ‘निवेदनतंत्र’ हा शब्द त्याच्या प्रबंधात वीसदा येतो, पण निवेदक बदलला की परिच्छेदाचे काय होते हे त्याने कधी करून पाहिलेले नसते. दोष त्याचा नाही. बिघडवण्याइतका लहान घाणा आम्ही त्याला कधी दिलाच नाही.

लहान घाण्याची बाजू निखळ नाही, हे आम्हांला मान्य आहे. एका गॅलनला वेळ जवळजवळ पाच गॅलनइतकाच लागतो, आणि हॉप्स ग्रॅमभर चुकले तरी चव बदलते. शिवाय एका पानावर जे साधते ते चाळीस पानांवर तगेलच असे नाही. दीर्घ लेखनाचा दम दीर्घ लेखनानेच येतो. पण तो दम कमावण्याआधी जीभ तयार व्हायला हवी, असे आमचे मत आहे.

म्हणून यंदा दर गुरुवारी एकच परिच्छेद देतो. ‘मी’च्या जागी ‘तो’ करायचा, बाकी शब्दाला हात लावायचा नाही. मग तीन पाने वाचायची, दोन एकाच हाताची, आणि तिसरे ओळखायचे. पहिल्या दिवशी एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, याला गुण किती?” शून्य, असे आम्ही सांगितले. पुढच्या गुरुवारी निम्मा वर्ग आला. तिसरे पान कुणालाच ओळखता आले नाही; आम्हां दोघांपैकीही एकाला नाही.