हेलिकॉप्टर आले, जमिनीचे काय?

ऋषिकेशच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत २९ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘संजीवनी’ या हेलिकॉप्टर रुग्णवाहिका सेवेचे उद्घाटन झाले. डोंगराळ मुलुखातील रुग्णांच्या दृष्टीने ते स्वागतार्हच होते. परंतु अशा सेवांची चर्चा यंत्र, वैमानिक, डॉक्टर आणि इंधन यांच्यापाशी येऊन थांबते. ज्या जमिनीवर हे यंत्र उतरायचे, ती कोणी राखावी, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. पूरक वस्तूंसाठी चहा-साखरेचे उदाहरण वर्गात वर्षानुवर्षे देऊन मी स्वतःच कंटाळलो आहे; हेलिकॉप्टर आणि त्याखालची राखलेली जमीन ही जोडी अधिक बोधक ठरावी.

इंग्लंडमधील प्लिमथच्या डेरिफर्ड इस्पितळात ४ मार्च २०२२ रोजी तटरक्षक सेवेचे एक अवजड हेलिकॉप्टर रुग्णाला घेऊन उतरले. रुग्ण सुखरूप पोहोचला. पण पंख्याखालच्या वाऱ्याच्या लोटाने शेजारच्या वाहनतळावरील एक ८७ वर्षांची वृद्धा कोसळली आणि दगावली. हेलिकॉप्टर उतरत असताना तेथे ये-जा करण्यास कोणालाही मज्जाव नव्हता. यंत्रात दोष नव्हता, उणीव होती ती जमिनीवरील व्यवस्थेत. आपल्याकडे केदारनाथला २३ एप्रिल २०२३ रोजी शेपटीकडील पंख्याचा आघात होऊन एका अधिकाऱ्याचा अंत झाला. तो अधिकारी राज्याच्या विमान वाहतूक यंत्रणेतलाच होता, हे विशेष. वेगाने फिरणारा तो पंखा डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. मग रुग्णाच्या भांबावलेल्या नातेवाइकांनी काय करावे?

वस्तुतः आवश्यक दक्षता साध्या आहेत. निदान तीस मीटर लांब-रुंद अशी सपाट, मोकळी जागा हवी, रात्री त्याहून मोठी. आसपासच्या विजेच्या तारा वैमानिकाला आधी कळवाव्यात. धूळ उडू नये म्हणून पाणी शिंपडावे. पत्रे, चादरी, प्लास्टिक उचलावे. बॅटरीचा झोत वैमानिकाच्या डोळ्यांवर टाकू नये. त्याची खूण झाल्यावाचून कोणी पुढे जाऊ नये, आणि जायचे ते त्याला दिसेल अशा रीतीने समोरून. जमीन उतरती असल्यास चढाच्या बाजूने मुळीच जाऊ नये, कारण तिकडे पात्यांचे टोक माणसाच्या डोक्याच्या पातळीला येते.

ही कामे आपल्या प्रशासनाला अपरिचित आहेत, असेही नाही. मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी बांधकाम खाते मैदान सारखे करते, पोलीस गर्दी थोपवितात. तरीही २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातील निलंगा येथे मुख्यमंत्र्यांचे हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेचच तारांत अडकून कोसळले. आतील सारे बचावले, हे सुदैव. एवढा बंदोबस्त असूनही जेथे असे घडते, तेथे सर्पदंश झालेल्या शेतमजुरासाठी गावच्या शाळेच्या मैदानावर अवचित उतरणाऱ्या हेलिकॉप्टरचे काय?

आणीबाणीच्या क्षणी नियम पाळायला वेळ कोठे असतो, असा आक्षेप घेतला जाईल. म्हणूनच जागा आधी निवडायच्या, तारांचे नकाशे आधी करायचे. सुरक्षित जमीन ही सार्वजनिक वस्तू आहे. लाभ सर्वांचा असल्याने तिचा खर्च कोणीच अंगावर घेत नाही. तो सेवेच्या करारातच, उड्डाणाच्या खर्चाचा भाग म्हणून धरला पाहिजे: प्रत्येक निवडलेल्या मैदानासाठी दोन प्रशिक्षित स्थानिक माणसे, त्यांचा भत्ता, वैमानिकाशी बोलण्यासाठी एक बिनतारी संच आणि वर्षातून दोनदा तालीम.