व्रत गळ्यात, व्याधी देहात

पौष पौर्णिमा जवळ आली की मुरबाड-शहापूरच्या वाटा म्हशाकडे वळू लागतात. खांबलिंगेश्वर म्हसोबाच्या दर्शनाला माणसे येतात आणि त्यांच्याबरोबर बैल येतात. एकीकडे बैलांच्या दातांची व खुरांची पारख चालते, दुसरीकडे घोंगड्यांचे, भांड्यांचे आणि मिठाईचे सौदे होतात. रात्री मांडवात टाळमृदंगाचा नाद उठतो. प्रस्तुत लेखकाने या मांडवात अनेक वर्षे कीर्तनसेवा केली आहे. परंतु यात्रा केवळ देवभक्तांचीच भरते असे म्हणण्याचे धाडस त्याला होत नाही. मांडवाच्या कनातीपलीकडे, काळोखात, दुसरीही एक यात्रा भरलेली असते. तिथला प्रसाद बाटलीतून वा फुग्यातून मिळतो आणि बैल विकून आलेला पैसा घरी पोहोचण्याआधीच तिथे रिता होतो.

यात नवल काहीच नाही. महाभारताच्या मौसलपर्वात द्वारकेची कथा आहे. अनर्थाची चिन्हे दिसू लागताच नगरात दवंडी पिटली गेली, की आजपासून कोणीही मद्य गाळू नये. गाळील त्याला बांधवांसह सुळी दिले जाईल. याहून कडक दारूबंदी कोणत्या राज्याने केली असेल? आणि तिच्यामागे साक्षात श्रीकृष्ण-बलरामांचा अधिकार होता. तरीही यादव प्रभासक्षेत्री तीर्थयात्रेला गेले, आणि तिथेच मद्यपान करून, हाती आलेल्या एरका गवताची मुसळे करून एकमेकांना मारते झाले. वाचकांनी स्थळ ध्यानात घ्यावे. हा संहार रणांगणावर झाला नाही, यात्रेत झाला. ज्या नगरात भगवंत राहत होते तेथे नुसत्या आज्ञेने मद्य सुटले नाही. मग आमच्यासारख्या कीर्तनकाराने मांडवातून दिलेल्या शपथेने ते सुटावे, ही अपेक्षा कितपत शहाणपणाची?

ही शंका आम्हांला ग्रंथ वाचून सुचली नाही. एका माणसामुळे सुचली. त्याचे गावनाव येथे सांगण्याचे कारण नाही.

काही वर्षांपूर्वी याच यात्रेत उत्तररंग संपवून आम्ही नेहमीप्रमाणे आवाहन केले, की ज्याला व्यसन सोडायचे असेल त्याने देवासमोर यावे. चाळिशीतला एक शेतकरी पुढे आला. मागे त्याची बायको उभी होती. आम्ही त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली, कपाळी बुक्का लावला. मांडवाने जयघोष केला. आम्हांला कृतार्थ वाटले. तो दररोज किती पितो, किती वर्षे पितो, सकाळी उठल्याबरोबर हात थरथरतो का, यांतले एकही आम्ही विचारले नाही. त्या माणसाने मात्र शब्द पाळला. त्या रात्रीपासून थेंबाला शिवला नाही. तिसऱ्या रात्री त्याला फेफऱ्यासारखे झटके आले. भिंतीवर साप दिसू लागले, तो घरच्यांना ओळखीना. शेजाऱ्यांनी देवाची अवकृपा ठरवली आणि भगताला बोलावले. रुग्णालयात नेईपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. तो वाचला, हे त्याच्या बायकोचे सौभाग्य. आमचे पुण्य नव्हे.

त्या डॉक्टरांनी जे सांगितले ते प्रत्येक कीर्तनकाराने ऐकावे असे आहे. वर्षानुवर्षे भरपूर दारू पिणाऱ्याचा मेंदू त्या गुंगीशी जुळवून घेऊन चालत असतो. दारू एकाएकी थांबली की तो आवरेनासा उसळतो. कंप, घाम, निद्रानाश हे पहिल्या दिवशी. झटके पहिल्या दोन दिवसांत. आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर भ्रम. या अवस्थेत उपचार न झाल्यास मृत्यूही येतो. औषधे देऊन, ब जीवनसत्त्व देऊन, नाडी व रक्तदाब पाहत हे चार-आठ दिवस पार करावे लागतात. म्हणजे ज्या व्रताला आम्ही पुण्यकर्म समजत होतो, ते त्या देहाला प्राणसंकट होते.

पुढे काही महिन्यांनी तो पुन्हा प्यायला लागला. त्याची बायको माळ घेऊन आमच्याकडे आली. म्हणाली, “बुवा, ही तुमची माळ. ती गळ्यात ठेवून प्यायला त्यांना धजावेना.” आम्ही माळ घेतली आणि तिला दोन कठोर शब्द ऐकवले, की ज्याला देवाची लाज नाही त्याला कोण तारणार. आज ते शब्द आठवले की मान खाली जाते. ज्याने माळ विटाळू नये म्हणून परत पाठवली त्याला लाज नव्हती असे आम्ही म्हणालो!

‘व्यसन’ हा शब्द संस्कृताचा. ‘वि’ उपसर्ग आणि ‘अस्’ म्हणजे फेकणे हा धातू. जे माणसाला त्याच्या हितापासून दूर भिरकावते ते व्यसन. मनूने राजाच्या व्यसनांची गणना केली आणि कामज व्यसनांत मद्यपानाला अत्यंत घातक म्हटले, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याच शब्दाचा दुसरा, तितकाच जुना अर्थ आपण विसरतो. व्यसन म्हणजे संकट, आपत्ती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्याच्या व्यसनांवर एक संपूर्ण अधिकरण आहे. त्यात राजाच्या दुर्गुणांबरोबर पूर, आग, दुष्काळ आणि रोगराई यांचाही विचार येतो. पुरात सापडलेल्याला आपण निग्रहाचा उपदेश करीत नाही. दोर टाकतो, आणि मग त्याला सुकायला जागा देतो. मद्यपीच्या बाबतीत पहिला अर्थ तेवढा धरून आम्ही उपदेशकांनी दुसरा सोडून दिला, हा आमचा शास्त्रार्थातलाही प्रमाद आहे.

ही सुकायला जागा म्हणजेच निवासी व्यसनमुक्ती केंद्र. महाराष्ट्राला त्याचा आदर्श शोधायला दूर जावे लागत नाही. अनिल अवचट यांनी पुण्यातील गर्दच्या व्यसनावर लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी एक लाख रुपये दिले आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात मुक्तांगण सुरू झाले. डॉ. अनिता अवचट या स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे काम उभे केले. 1997 मध्ये त्या गेल्या, 2022 मध्ये अनिल अवचटही गेले. काम चालू आहे. तिथला निवास साधारण पाच आठवड्यांचा. आरंभी औषधोपचार, मग ठरलेल्या वेळी उठणे, व्यायाम, श्रमदान, समुपदेशन आणि गटात बसून आपली कर्मकहाणी स्वतःच्या तोंडाने सांगणे. जे स्वतः त्या खाईतून वर आले त्यांतलेच कित्येक तिथे पुढच्यांना हात देतात. त्याआधी, 1981 मध्ये, मुंबईत फादर ज्यो परेरा यांनी कृपा फाउंडेशनची स्थापना केली. त्यांनी योगासनांना उपचारात स्थान दिले. एक ख्रिस्ती धर्मगुरू योगाने माणसे सावरतो आणि आम्ही योगसूत्रांवर प्रवचने करून घरी जातो, ही तुलना आम्हांला बोचते, आणि बोचावीच.

अभ्यास आणि वैराग्य यांनी मन वश होते, असे गीता सांगते आणि पतंजलीही सांगतात. आम्ही वैराग्याचे निरूपण रंगवतो, अभ्यास वगळतो. व्रत घेणे हा एका क्षणाचा वैराग्यभाव आहे. निवासी केंद्र हा अभ्यास आहे: तीच वेळ, तेच काम, तीच कबुली, रोज. 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या आणि 1957 पासून भारतात असलेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांतही जन्मभराची शपथ मागत नाहीत. आजचा दिवस न पिण्याचा संकल्प करतात. जन्मभराच्या शपथेचे ओझे पेलत नाही म्हणून जो कोसळतो, तो एका दिवसाचे ओझे उचलू शकतो.

याचा अर्थ धर्माची शक्ती इथे व्यर्थ आहे असा कोणी करू नये. 1922 साली उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरील कोळ्यांतून उठलेली देवीची लाट दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात पोहोचली. अंगात आलेली देवी सांगू लागली: दारू-ताडी सोडा, रोज स्नान करा. आणि सहस्रावधी लोकांनी ती सोडली. त्यांना लुटणाऱ्या गुत्तेवाल्यांची दुकाने ओस पडली. ज्या सरकारने 1892 च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर निर्बंध घातले, त्याची दृष्टी अबकारी उत्पन्नावर होती. देवीची दृष्टी माणसावर होती. परंतु पुढे कित्येक जण परतही फिरले. लाट माणसाला किनाऱ्यावर आणून टाकते. तिथे कोणी हात धरला नाही, तर तीच लाट त्याला परत ओढून नेते.

नुसत्या बंदीचेही तसेच आहे. गडचिरोलीत लोकांनी मागणी करून 1993 मध्ये जिल्हाव्यापी दारूबंदी मिळवली. तरीही 2016 पासून तिथे मुक्तिपथ अभियान चालवावे लागले, आणि त्यात गावसंघटनेबरोबर उपचारालाही स्थान आहे. कायदा आणि शुश्रूषा या एकाच गाडीच्या दोन बैलांसारख्या आहेत, हे म्हशाच्या बाजारात आलेल्याला वेगळे सांगायला नको.

मागणी केवढी आणि सोय केवढी, हेही पाहावे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील पुरुषांपैकी 27.3 टक्के मद्य घेतात. ज्यांना दारूचे अवलंबित्व जडले आहे, त्यांपैकी अडतिसांत एकालाच कसला तरी उपचार मिळतो, आणि निवासी उपचार तर एकशे ऐंशींत एकाला. उरलेले एकशे एकोणऐंशी कुठे आहेत? ते आपल्या मांडवाच्या कनातीपलीकडे आहेत.

मात्र राहायला जागा दिली म्हणजे उपचार झाला, असेही नव्हे. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, एका दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या ठिकाणी आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण जळून मेले. तेही लोक श्रद्धेनेच तिथे ठेवले गेले होते. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधणे निषिद्ध ठरवले आहे आणि अशा केंद्रांना नोंदणी आवश्यक केली आहे. दारू व अमली पदार्थांच्या सेवनातून जडणारे विकारही त्याच्या कक्षेत येतात. म्हणून आपल्या माणसाला कोठेही धाडण्यापूर्वी विचारावे: नोंदणी आहे का? डॉक्टर कधी येतात? घरच्यांना भेटू देतात का? जिथे मारतात, उपाशी ठेवतात, कोंडतात, तिथे माणूस दारूऐवजी माणसांना भिऊन परत येतो.

काही जण म्हणतात, बायकापोरे अर्धपोटी असताना पिणाऱ्याला पाच आठवडे बसवून खायला का घालावे? प्रश्न रास्त आहे, परंतु हिशेब अपुरा आहे. तो घरी असताना बायकापोरे पोटभर जेवत होती काय? खरी अडचण निराळीच आहे. आपल्याकडे दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. कर्त्याने पाच आठवडे काम सोडले, तर घरात दाणा येणार कोठून आणि उचल फिटणार कशी? वर सांगितलेल्या त्या शेतकऱ्याच्या बायकोने अखेर याच बाजारात जोडीतला एक बैल विकला आणि नवऱ्याला केंद्रात नेले. गाव बघत राहिले. तो एकदा घसरला, पुन्हा गेला. आता बरीच वर्षे कोरडा आहे. यात्रेला येतो, मांडवात मागे बसतो. एकदा आम्हीच माळेचा विषय काढला, तेव्हा तो म्हणाला, “राहू द्या बुवा, तुमच्यापाशी. आजचा दिवस गेला, एवढं पुरे.”

यंदाच्या यात्रेत आमचे मागणे मोजके आहे. पहिले, आम्हा कीर्तनकारांना: पिण्याचे प्रमाण विचारल्यावाचून कोणाच्याही गळ्यात माळ घालू नये, जो रोज व भरपूर पितो त्याला आधी डॉक्टरकडे न्यावे, मग देवापुढे. दुसरे, यात्रेच्या व्यवस्थापकांना: मांडवाला लागून एक लहानशी खोपी असावी, तिथे एक डॉक्टर आणि व्यसनातून बाहेर आलेले दोघे बसावेत, आणि त्यांनी कोणाचेही नाव न पुकारता ऐकून घ्यावे. 14446 हा शासनाचा मोफत दूरध्वनी तिथे ठळक लिहिलेला असावा. तिसरे, देणगीदारांना: कलश आणि कमानी पुष्कळ झाल्या, एखाद्या वर्षीची देणगी केंद्रात गेलेल्या माणसाच्या घरी पाच आठवड्यांचे धान्य भरण्यासाठी द्यावी. मुरबाड-शहापूरच्या माणसाला त्याच्याच बोलीत बोलणारी माणसे जवळच भेटावीत, म्हणून या दोन तालुक्यांनी मिळून निवासाची सोय करण्याचे मनावर घ्यावे.

आणि चौथे मागणे सर्वांना. तो परत येईल तेव्हा एस.टी.च्या थांब्यावर त्याला ओळखीचे कोणी भेटेलच. ते गुत्त्यावरचे जुने सोबती असावेत की आपण, हे आपल्या हाती आहे. लग्नात, हळदीत, यात्रेत ‘एक घोट घे, आज सण आहे’ असे त्याला म्हणू नये. घसरला तर हसू नये. ज्वर उलटलेल्या रोग्याला कोणी हसत नाही.

ती तुळशीची माळ आमच्या देवघरात आहे. रोज पूजेच्या वेळी ती दृष्टीस पडते, आणि मांडवात आवाहनाचे शब्द तोंडी येण्यापूर्वी आम्ही आता घटकाभर थांबतो.